विद्वत्परिषद आणि दाराबाहेरचा ठेवीदार

बँका आणि वित्तव्यवहार यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या परिषदा हा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानाचा विषय सहसा नसतो. एखाद्या महानगरातील सभागृहात किंवा निसर्गरम्य स्थळी दोन-तीन दिवस शे-दोनशे विद्वज्जन एकत्र येतात. आधी मागविलेल्या निबंधांतून निवडलेले थोडे निबंध वाचले जातात. नेमलेला भाष्यकार त्यांतील उणिवा दाखवितो, श्रोत्यांतून चार प्रश्न येतात, चहापान होते आणि पुढची बैठक सुरू होते. ज्या कामगाराचे वेतन बँकेत जमा होते, ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे, ज्या निवृत्त शिक्षिकेची आयुष्यभराची पुंजी मुदतठेवीत पडून आहे, त्यांना या सोहळ्याशी काय कर्तव्य, असे कोणालाही वाटेल. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. या सभागृहात काय बोलले जाते, आणि त्याहूनही अधिक म्हणजे काय बोलले जात नाही, याची किंमत अखेरीस याच माणसांना मोजावी लागते.

याचे कारण साधे आहे. आजचा निबंध उद्याचे पाठ्यपुस्तक होते, परवा तो समितीच्या अहवालात शिरतो आणि तेरवा कायदा अथवा मध्यवर्ती बँकेचे परिपत्रक होऊन आपल्या दारात येतो. धडधाकट बँकसुद्धा केवळ अफवेने, ठेवीदारांच्या एकाच वेळी पडलेल्या झुंबडीने कशी कोसळू शकते, याचे गणिती विवेचन डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ साली केले. त्या कार्याबद्दल बेन बर्नांकी यांच्यासमवेत त्यांना २०२२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ठेवींना विम्याचे संरक्षण का हवे, याचा पाया आता जगभर या विवेचनात शोधला जातो. आपल्या देशात मात्र पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक १९६० साली बुडाल्या, ठेवीदार हवालदिल झाले, आणि त्यातून १ जानेवारी १९६२ रोजी ठेवविमा महामंडळ अस्तित्वात आले. म्हणजे सिद्धांत येण्यापूर्वी वीस वर्षे अनुभव आला होता. अनुभव आणि सिद्धांत यांचा हा क्रम लक्षात ठेवावयास हवा. कारण विद्वत्परिषदांचे दुखणे नेमके येथेच आहे. अनुभवणारा माणूस तेथे नसतो, आणि त्याच्या बाजूने बोलणारा एखादा निघालाच, तर त्याचे स्वागत कसे होते याचा एक ठसठशीत दाखला इतिहासाने नोंदवून ठेवला आहे.

तो दाखला अमेरिकेतील आहे. तेथील मध्यवर्ती बँकेची, म्हणजे फेडरल रिझर्व्हची, कॅन्सस सिटी येथील शाखा १९७८ पासून एक वार्षिक परिसंवाद भरविते. १९८२ पासून तो वायोमिंग राज्यात, डोंगरांच्या कुशीतील जॅक्सन होल येथे भरतो. फेडरल रिझर्व्हचे तत्कालीन अध्यक्ष पॉल व्होल्कर यांना मासेमारीचा छंद होता आणि तेथील नद्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत, ही गोष्ट स्थळ ठरविताना उपयोगी पडली असे सांगतात. जगातील मध्यवर्ती बँकांचे प्रमुख, अर्थखात्यांचे अधिकारी, नामांकित प्राध्यापक आणि मोठ्या वित्तसंस्थांचे अर्थतज्ज्ञ अशी निमंत्रितांची मोजकी मांदियाळी तेथे जमते. ऑगस्ट २००५ मधील परिसंवादाला एक वेगळा रंग होता. १९८७ पासून फेडरल रिझर्व्हची धुरा वाहणारे ॲलन ग्रीनस्पॅन निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांच्या कारकिर्दीपासून घ्यावयाचे धडे हाच परिसंवादाचा विषय होता. वातावरण अर्थातच गौरवाचे होते.

या मेळाव्यात रघुराम राजन यांनी एक निबंध वाचला. ते त्या वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ होते. वित्तव्यवस्थेच्या विकासामुळे जग अधिक धोक्याचे झाले आहे काय, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. हे गृहस्थ समाजवादी नव्हेत, बाजारपेठेचे विरोधकही नव्हेत. शिकागो विद्यापीठात घडलेली त्यांची विद्वत्ता बाजारपेठेच्या बाजूचीच म्हणावयास हवी. विकासामुळे धोका घटला असे दाखवावे, या अपेक्षेनेच आपण काम हाती घेतले होते, पण आकडे पाहता पाहता मत बदलले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते. पूर्वी बँका कर्ज देत आणि ते स्वतःच्या वहीत ठेवीत. आता कर्जांचे रोख्यांत रूपांतर करून ती दूरदूरच्या गुंतवणूकदारांना विकली जातात. धोका त्यामुळे विखुरला जातो हे खरे. परंतु या व्यवहारांच्या मागे बसलेल्या व्यवस्थापकांचा मोबदला असा बेतलेला आहे की, नफा झाला तर त्यातला मोठा वाटा त्यांचा आणि तोटा झाला तर तो दुसऱ्याचा. साहजिकच, एरवी वर्षानुवर्षे न दिसणारा, पण ओढवला तर सर्वनाश करणारा धोका पत्करण्याकडे त्यांचा कल होतो. सगळेच तसे करू लागले की, न करणारा मागे पडतो. म्हणून कळप बनतो. व्याजदर खाली असले की हा हव्यास अधिकच वाढतो. आणि असा एखादा धक्का बसला, तर बँकांचा एकमेकींवरील विश्वास उडून त्यांच्या आपसातील उसनवारीचा बाजारच गोठेल, असा इशारा त्यांनी दिला होता. व्यवस्थापकांच्या मोबदल्याचा काही भाग काही वर्षे रोखून धरावा, त्यांचा स्वतःचा पैसाही त्याच व्यवहारात गुंतलेला असावा, असा सौम्य उपायही त्यांनी सुचविला होता.

या निबंधावरील भाष्य फेडरल रिझर्व्हच्या नियामक मंडळाचे सदस्य डोनाल्ड कोहन यांच्याकडे होते. त्यांनी ग्रीनस्पॅन यांच्या धोरणाची तात्त्विक पाठराखण केली. चर्चेत माजी अर्थमंत्री आणि हार्वर्ड विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांनी या प्रतिपादनाचा पायाच चुकीचा आणि काहीसा लुडाइट वळणाचा आहे, अशा आशयाची टीका केली. अर्थशास्त्रज्ञ ॲलन ब्लाइंडर यांच्यासारख्या एखाद्या आवाजाने राजन यांना आधार दिला, पण सभागृहाचा सूर एकच होता.

लुडाइट म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये यंत्रे मोडणारे विणकर. विद्वानांच्या बोलीत हा शब्द अडाणीपणाची शिवी म्हणून वापरला जातो. परंतु त्या विणकरांना यंत्राचा द्वेष नव्हता. ते यंत्र कोणाच्या ताटातील भाकरी काढून कोणाच्या ताटात वाढणार आहे, एवढेच त्यांना नेमके कळले होते. समर्स यांनी आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ प्रवासाच्या आधुनिक साधनांचा दाखला दिला होता: वेग वाढला, अपघात झाला तर तो मोठा होतो, तरी एकंदरीत माणूस सुरक्षितच झाला. दाखला चमकदार आहे, पण त्यातील फरक बोलका आहे. विमान कोसळले तर वैमानिकही मरतो. वित्तव्यवस्थेचे विमान कोसळते तेव्हा वैमानिक हवाई छत्री घेऊन, वर वार्षिक बक्षिसी खिशात घालून सुखरूप उतरतो. आणि ज्यांनी तिकीटच काढले नव्हते त्यांच्या घरांवर ते कोसळते.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. २००७ पासून अमेरिकेतील गृहकर्जांचा डोलारा ढासळू लागला. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी पत्करली आणि बँकांच्या आपसातील व्यवहारांचा बाजार, तीन वर्षांपूर्वी वर्तविल्याप्रमाणेच, गोठला. अमेरिकेत सुमारे ८७ लाख रोजगार नष्ट झाले. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले. लक्षावधी कुटुंबांची घरे जप्त झाली. त्याच ऑक्टोबर २००८ मध्ये ग्रीनस्पॅन यांना अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे कबूल करावे लागले की, ज्या विचारप्रणालीवर आपण विसंबलो तिच्यातच दोष आढळला. वित्तसंस्था आपल्या भागधारकांच्या हितासाठी तरी स्वतःला सावरतील, ही ती श्रद्धा होती.

नोव्हेंबर २००८ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला भेट देण्यास गेल्या असता त्यांनी तेथील प्राध्यापकांना विचारले की, हे संकट कोणाच्याच ध्यानात कसे आले नाही? प्रश्न बाळबोध होता आणि म्हणूनच अडचणीचा होता. जुलै २००९ मध्ये ब्रिटिश अकादमीच्या वतीने त्यांना एक पत्र धाडण्यात आले. अनेक बुद्धिमान माणसांची सामूहिक कल्पनाशक्ती अपुरी पडली, असा त्याचा मथितार्थ होता. हे उत्तर शालीन आहे, पण अपुरे आहे. कल्पनाशक्ती अपुरी पडली असे म्हणावे, तर २००३ साली त्याच जॅक्सन होलमध्ये आंतरराष्ट्रीय तडजोड बँकेच्या क्लॉडिओ बोरिओ आणि विल्यम व्हाइट यांनी पतपुरवठ्याच्या अतिरेकाबद्दल धोक्याची घंटा वाजविली होती, त्याचे काय? २००५ मध्ये राजन यांनी ती पुन्हा वाजविली, त्याचे काय? घंटा वाजली नाही असे नव्हे. सभागृहाला ती ऐकावयाची नव्हती. आणि ऐकावयाची का नव्हती, हा प्रश्न कल्पनाशक्तीचा नसून हितसंबंधांचा आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे सारे विद्वान विकले गेलेले होते, असा सरधोपट निष्कर्ष काढणे सोपे असले तरी न्याय्य नाही. लाच देऊन मत विकत घेण्याची गरज भांडवलशाहीला क्वचितच पडते. तिची रीत याहून सूक्ष्म आहे. वित्तव्यवहारांच्या संशोधकाला आकडेवारी लागते. ती बँकांच्या, शेअरबाजारांच्या आणि मध्यवर्ती बँकांच्या कपाटांत बंद असते. ज्याच्या कपाटाची किल्ली हवी, त्याला दुखविणे परवडत नाही. आज विद्यापीठात असणारा प्राध्यापक उद्या एखाद्या बँकेचा सल्लागार वा संचालक आणि परवा शासनाचा अधिकारी होऊ शकतो. पुढे ज्या दारातून आत जावयाचे आहे त्या दारावर दगड मारण्यास माणूस कचरतो. शिवाय परिषदेत निबंध कोणता स्वीकारावयाचा, हे ज्यांनी त्याच परंपरेत नाव मिळविले तेच ठरवितात. अशा रीतीने कोणीही कोणाला दम न देता, कोणीही कोणाला पैसा न चारता, एक सभ्य मौन तयार होते. ते मौन कोणाच्या सोयीचे, हे निराळे सांगावयास नको.

आणि कधीकधी पैशाचा संबंध थेटही असतो. आइसलंड या चिमुकल्या देशाच्या बँकांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अनेकपट पसारा मांडला असताना, २००६ साली तेथील व्यापारी मंडळाने कोलंबिया विद्यापीठातील ख्यातनाम प्राध्यापक फ्रेडरिक मिश्किन यांच्याकडून देशाच्या वित्तीय स्थैर्याविषयी एक अहवाल सहलेखकासह लिहून घेतला. त्यासाठी त्यांना १ लाख २४ हजार डॉलर देण्यात आले. अहवालाचा निर्वाळा एकंदरीत दिलासा देणारा होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्याच्या आत कोसळल्या. प्राध्यापक महाशयांचे मत पैशामुळे बनले असे आम्ही म्हणत नाही. ते प्रामाणिकपणे चुकले असतील. परंतु ज्याच्या प्रकृतीचा दाखला द्यावयाचा त्याच्याच खिशातून वैद्याची फी येत असेल, तर दाखला वाचणाऱ्याला ते ठळक अक्षरांत कळले पाहिजे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

ही अपेक्षा तेथील विद्वानांनाही उशिरा का होईना पटली. २०१० साली चार्ल्स फर्ग्युसन यांचा ‘इनसाइड जॉब’ हा अनुबोधपट आला आणि प्राध्यापकांच्या या बाहेरच्या मिळकती चव्हाट्यावर आल्या. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने नियम केला: निबंधाच्या विषयात ज्यांचे हित गुंतले आहे अशा पक्षाकडून गेल्या तीन वर्षांत एकूण १० हजार डॉलर वा अधिक रक्कम घेतली असेल, तर लेखकाने ती जाहीर करावी. २०१५ च्या प्रारंभी अमेरिकन फायनान्स असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात लुईजी झिंगालेस यांनी आपल्याच बिरादरीला आरसा दाखविला. वित्तव्यवस्था समाजाचे भले करते, हा विद्वानांचा समज समाजाच्या अनुभवाशी जुळत नाही. आपण तिचे भाट न होता पहारेकरी झाले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी टॉमस फिलिपॉं यांनी दाखवून दिले की, अमेरिकेत बचत करणाऱ्याकडून कर्ज घेणाऱ्याकडे पैसा पोहोचविण्याचा खर्च सव्वाशेहून अधिक वर्षे सुमारे दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. तार गेली, दूरध्वनी आला, संगणक आला; पण दलालाची दलाली काही उतरली नाही. म्हणजे यंत्राने वाचविलेला पैसा ग्राहकाकडे आला नाही, तो मध्येच कोठेतरी मुरला. परिषदांतून असे निबंध वाचले जातात ही जमेची बाजू आहे, आणि ती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

किंबहुना संशोधनाविषयी तुच्छता बाळगणे श्रमिकांच्या चळवळीला परवडणारे नाही. आपल्या देशाच्या बँकव्यवसायाचा इतिहासच याची साक्ष देतो. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला तिच्या समितीचे अध्यक्ष होते आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत अन्वेषक गेले आणि शेतकऱ्याला कर्ज कोण देतो, एवढा एकच साधा प्रश्न त्यांनी घरोघर विचारला. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने जे उत्तर दिले ते भयंकर होते. शंभर रुपये कर्जांपैकी सरकारकडून आलेले ३ रुपये ३० पैसे, सहकारी संस्थांकडून ३ रुपये १० पैसे आणि व्यापारी बँकांकडून अवघे ९० पैसे. सावकारांचा वाटा मात्र सत्तर रुपयांच्या घरात होता. या आकड्यांपुढे कोणाची वाणी चालणार? १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती या पाहणीच्या शिफारशीनुसार. पुढे १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच वर्षी गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने जिल्हानिहाय जबाबदारी वाटून देण्याची जी कल्पना मांडली, तिच्यातून अग्रणी बँक योजना जन्माला आली. सभागृहात बसून हे झाले नाही. संशोधक खेड्यात गेला म्हणून झाले.

योगायोग पाहा. ज्या २००५ साली जॅक्सन होलमध्ये वित्तीय विकासाचे गोडवे गायले जात होते, त्याच वर्षी रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांचा भारतीय ग्रामीण बँकांवरील निबंध अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला. बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा उघडावयाची असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक १९७७ पासून १९९० पर्यंत होता. १९६९ ते १९९० या काळात पूर्वी बँकच नव्हती अशा ३० हजारांहून अधिक ग्रामीण ठिकाणी शाखा उघडल्या गेल्या. या विस्तारामुळे ग्रामीण दारिद्र्य घटले, असा या दोघांचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. ग्रामीण कर्जांची वसुली दुबळी होती, हे तर निबंधकारांनीही लपविले नाही. वाद जरूर व्हावा. परंतु पाहण्यासारखी गोष्ट अशी की, हा दंडक १९९० मध्ये सोडून देण्यात आला, तोवर त्याचा जमाखर्च अशा काटेकोर रीतीने कोणी मांडलाच नव्हता. गरिबांच्या बाजूचे धोरण आधी रद्द होते आणि त्याचे गुण पंधरा वर्षांनी विदेशी नियतकालिकात सिद्ध होतात, ही आपल्या ज्ञानव्यवहाराची शोकांतिका आहे.

आता स्वतःच्या घरात डोकावू. राष्ट्रीयीकरणाने बँकेची मालकी समाजाकडे आली, पण हिशेब समाजापुढे आला काय? याच राजन यांनी २०१३ साली रिझर्व्ह बँकेची सूत्रे घेतली आणि २०१५ मध्ये बँकांच्या कर्जखात्यांची कठोर तपासणी सुरू केली. तोवर झाकून ठेवलेली थकीत कर्जे उघडी पडू लागली. मार्च २०१८ अखेर अनुसूचित व्यापारी बँकांच्या ढोबळ थकीत कर्जांचे प्रमाण ११.२ टक्के आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे १४.६ टक्के झाले होते. ही काही दहा-वीस हजारांच्या पीककर्जांची थकबाकी नव्हती. तिचा मोठा भाग बड्या उद्योगांच्या कर्जांचा होता. पुढे हे प्रमाण खाली आले, त्यात वसुलीप्रमाणेच निर्लेखनाचाही वाटा होता. समाजाच्या मालकीची बँक समाजाच्या नजरेआड राहिली की, ती कोणाची खाजगी तिजोरी बनते, हे आम्ही समाजवाद्यांनीच सर्वांत आधी सांगावयास हवे.

नजरेआड राहण्याची ही सोय किती जपली जाते, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. बँकांच्या तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागणाऱ्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेने नकार दिला. बँकांशी आपले नाते विश्वासाचे आहे, हे तिचे कारण होते. १६ डिसेंबर २०१५ रोजी न्यायालयाने ते फेटाळले आणि रिझर्व्ह बँकेचे कर्तव्य बँकांच्या सोयीप्रत नसून जनतेप्रत आहे, असा निर्वाळा दिला. बँकांच्या पोटातील सत्य बाहेर काढण्यासाठी सामान्य अर्जदारांनी न्यायालयाचे उंबरठे झिजवावेत, हे चित्र आपल्या विद्वत्तेला भूषणावह आहे काय?

आणि तरीही सप्टेंबर २०१९ उजाडलाच. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि प्रथम सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा ठेवीदारांना देण्यात आली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेली होती आणि ती हजारो बनावट खात्यांच्या आड दडविली गेली होती. मुंबईच्या रस्त्यावर वृद्ध ठेवीदार फलक घेऊन उभे राहिले. औषधाला पैसा नाही, मुलीच्या लग्नाचा पैसा अडकला, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. ती मर्यादा १९९३ पासून एका लाखावर गोठलेली होती. येथेही अनुभव आधी आला, शहाणपण नंतर. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण मोठ्या रकमेच्या ठेवीदारांना आपलाच पैसा परत मिळण्यासाठी दहा वर्षांपर्यंतचे वेळापत्रक हाती आले. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचे वेळापत्रक देणाऱ्या व्यवस्थेला कोणत्या गणिताने कार्यक्षम म्हणावयाचे, हे विद्वानांनी एकदा आम्हांला समजावून सांगावे.

म्हणून परिषदा भरूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्या निराळ्या रीतीने भराव्यात, असे आहे. आमच्या अपेक्षा मोजक्या आहेत. पहिली, परिषदेचा खर्च कोणी उचलला आणि निबंधकाराने संबंधित बँका, कंपन्या वा शासन यांच्याकडून काय घेतले, हे निबंधाच्या पहिल्या पानावर छापलेले असावे. दुसरी, सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या बँकांची आकडेवारी, व्यक्तींची नावे वगळून, सर्व संशोधकांना सारखी खुली असावी. किल्लीसाठी कोणाची मर्जी सांभाळावी लागू नये. तिसरी, भाष्यकारांच्या रांगेत ठेवीदारांच्या संघटनेचा, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा आणि शेतकरी कर्जदारांचा प्रतिनिधी असावा. शाखेच्या खिडकीमागे तीस वर्षे बसलेल्या कारकुनाला बनावट खाते कसे दिसते हे ठाऊक असते. त्याला समीकरण येत नसेल, पण समीकरणातून निसटलेला माणूस तो ओळखतो. चौथी, निबंधांचे सार मराठीसह देशी भाषांत प्रसिद्ध व्हावे. ज्या भाषेत कर्जरोख्यावर अंगठा उमटतो, त्या भाषेत कर्जाचे शास्त्र बोलता येत नसेल, तर दोष भाषेचा नव्हे. आणि पाचवी, सत्तर वर्षांपूर्वी ६०० खेड्यांत गेलेल्या त्या पाहणीसारखे कष्टाचे, दीर्घ मुदतीचे काम करणाऱ्यास विद्यापीठात मान आणि सरकारी निधी मिळावा.

यावर असे म्हटले जाईल की, यामुळे शास्त्राची शुद्धता बिघडेल, सभागृहात घोषणा घुमू लागतील. हा आक्षेप आम्ही हलका लेखत नाही. बहुमताने गणिताचे उत्तर ठरत नाही आणि मोर्चाने सिद्धांत खरा होत नाही. परंतु शुद्धतेची ही काळजी निमंत्रितांच्या यादीत बड्या बँकांचे अर्थतज्ज्ञ असतात तेव्हा कोणाला वाटत नाही. ठेवीदार दिसला की मात्र ती जागी होते. उत्तर शास्त्राने द्यावे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न कोणाचा घ्यावयाचा, हे ठरविण्याचा हक्क मात्र एकट्या शास्त्रज्ञांचा नाही आणि त्यांच्या यजमानांचा तर मुळीच नाही.

२००५ च्या त्या निबंधाला आता वीस वर्षे होऊन गेली. निबंधकाराला मान मिळाला, टीकाकारांचीही पदे टिकली. समर्स २००९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे प्रमुख आर्थिक सल्लागार झाले आणि कोहन तर त्याआधीच फेडरल रिझर्व्हचे उपाध्यक्ष झाले होते. चुकीची किंमत चुकणाऱ्याने मोजली नाही. ज्यांनी मोजली त्यांची नावे कोणत्याही परिषदेच्या इतिवृत्तात नाहीत. पुढचे संकट जेव्हा येईल तेव्हा त्याचीही पूर्वसूचना कोठल्यातरी सभागृहात, वीस मिनिटांच्या एखाद्या निबंधात, दिली गेलेली असेल. ती ऐकली जावी असे वाटत असेल, तर ज्यांच्या जिवाशी तिची गाठ आहे त्यांना त्या सभागृहात बसविणे, हाच एक भरवशाचा उपाय आहे.